भात निघाल्यावर नांगरट न करता गहू पेरला तर उतारा घटतो का?

तुम्ही लिहिलंय की 2 एकर रान आहे, खरिपात भात आणि त्यावर गहू. नांगरट टाळली तर गव्हाचा उतारा घटेल का, भाताची चिखलणीही सोडता येईल का, आणि पेरणीयंत्र विकत घ्यावं का, असे तीन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर लगेच देतो. वेळेवर आणि योग्य ओलीवर पेरलात तर घटत नाही, उलट उशीर टळतो म्हणून बहुतेकदा थोडा वाढतोच. "न नांगरलेलं रान म्हणजे आळशाचं रान" असं जो म्हणतो, त्याने हे कधी करून पाहिलेलं नसतं. एवढं ठासून लिहितोय, कारण हे वाक्य मी माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या तोंडून 7 वर्षं ऐकतोय.

आमची वाटणी झाली तेव्हा रानाचे दोन सारखे तुकडे पडले, मध्ये एक बांध. माती एकच, विहीरही एकच. त्या वर्षी दोघांचा भात एकाच आठवड्यात निघाला. चिखलणीच्या रानाचं तुम्हाला सांगायला नको, ओलं आहे तोवर चिकट आणि वाळलं की वीट. दादाने पलटी नांगर घातला तर उशीएवढाली ढेकळं निघाली. रोटाव्हेटरच्या दोन फेऱ्या मारूनही ती फुटेनात, म्हणून पाणी सोडलं, आणि मग वाफशाची वाट बघत बसला. भात काढल्यापासून गहू पेरेपर्यंत त्याचे 19 दिवस गेले. मी शून्य मशागतीचं पेरणीयंत्र भाड्याने आणलं आणि चौथ्या दिवशी भाताच्या उभ्या धसकटांतच एका फेरीत बी आणि खत पेरून मोकळा झालो.

पहिला महिना मात्र मला जड गेला. दादाच्या रानात मऊ काळी माती आणि रेघ ओढल्यासारख्या हिरव्या ओळी. माझ्याकडे धसकटं, आणि त्यांतून डोकावणारी पिवळसर पाती. येणारा-जाणारा बांधावर थांबून बघायचा आणि काही न बोलता पुढे जायचा. एका सकाळी मी खाली बसलो आणि यंत्राने पाडलेली चीर बोटाने उकरली. दोन बोटं खाली रोपाचं पांढरं मूळ लागलं. त्याच्या मागे माती हळूहळू सोडवत गेलो तर ते भाताच्या जुन्या, कुजून पोकळ झालेल्या मुळाच्या वाटेने सरळ खाली उतरलेलं होतं. त्यानंतर लोकांच्या बघण्याचं मला काही वाटेनासं झालं.

पिवळेपणा नत्राचा होता. धसकट कुजवणारे जिवाणू सुरुवातीला जमिनीतलं नत्र स्वतःकडे ओढतात. 21 व्या दिवसाच्या आसपास, मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटताना, पहिल्या पाण्याबरोबर युरिया दिला आणि आठवड्याभरात रंग आला. ते पाणीही दादापेक्षा खूप लवकर बांधापर्यंत पोचलं. टणक रानावरून पाणी पुढे सरकतं, भुसभुशीत रानात जागच्या जागी जिरतं.

पुढे थंडी लवकर गेली. दाणा भरताना ऊन तापलं की दाणा चिमतो, आणि उशिरा पेरलेला गहूच नेमका त्यात सापडतो. नोव्हेंबरचा मध्य उलटला की पेरणीच्या दर दिवसाच्या उशिराला साधारण 1 टक्का उतारा जातो, असं उत्तर भारतातल्या भात-गहू पट्ट्यातल्या प्रयोगांत वारंवार दिसलेलं आहे. मळणीला मला एकरी दीड पोतं जास्त भरलं, आणि नांगराच्या-रोटाव्हेटरच्या फेऱ्यांचं डिझेल वाचलं ते वेगळंच. दादा म्हणाला, "तुझा तुकडा खालच्या अंगाला आहे, माझी ओल तुझ्याकडे झिरपते." बस, एवढंच.

दुसऱ्या हंगामात चूक माझी झाली, तीही लिहितो, कारण तुम्ही ती करू नये. मधल्या खरिपात पाऊण एकरात चिखलणी न करता कोरड्यात भात पेरला होता, तो बरा आला, आणि मला घाई झाली. रान पुरेसं सुकलेलं नसताना यंत्र घातलं. फणाने चिरेच्या दोन्ही भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत केल्या, चीर वरून मिटली नाही. बी उघडं पडलं, काही पाखरांनी टिपलं, काही कुजलं. त्याच पाऊण एकरात उगवण विरळ झाली. मी 2 दिवस बाहेरगावी होतो. परत येऊन बघतो तर दादाने मला न विचारता तेवढ्या रानात रोटाव्हेटर फिरवून नवं बी फोकून टाकलेलं. त्याने माझ्या भल्यासाठी केलं हे मला तेव्हाही कळत होतं. पण वर्षभर न उलथलेली माती, तिच्यातली गांडुळांची बिळं, मुळांच्या वाटा, सगळं एका दुपारी पिठासारखं झालं. पहिल्याच पाण्याला त्या पिठावर पापुद्रा धरला आणि फोकलेलं बीही अर्धं त्याखाली अडकलं. शेजारच्या पट्ट्यात, त्याच पाण्याखाली, पापुद्रा नव्हता. आम्ही 3 महिने एकमेकांशी बोललो नाही.

म्हणून सांगतो, ही आळशाची पद्धत नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणात मंडूसी हे गव्हासारखंच दिसणारं तण आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देईनासं झालं. चांगल्या कसणाऱ्या शेतकऱ्यांची गव्हाची रानं हातची जायची वेळ आली. तेव्हा नवी तणनाशकं आली, पण त्यांच्या जोडीला शून्य मशागतही उपयोगी पडली, कारण न हलवलेल्या मातीत मंडूसीचं बी कमी उगवतं आणि लवकर पेरलेला गहू त्याला दाबून टाकतो. तिथे ज्यांनी नांगर बाजूला ठेवला ते कष्टाळूच होते. आपल्याकडे नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात पद्धत उभी केली. कायमचे गादीवाफे, 25 सेंटीमीटरवर टोकण, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवायची, आणि नांगरणी, चिखलणी, लावणी तिन्ही नाहीत. दादा हे वाचणार नाही, पण पुतण्या वाचतो. त्याने हे त्याला मोठ्याने वाचून दाखवावं.

भाताच्या चिखलणीबद्दल. सोडता येते, पण गव्हाइतकी सहज नाही. चिखलणी पाणी धरते आणि तण बुडवते. ती सोडली की ही दोन्ही कामं तुमच्या अंगावर येतात, तणाचं तर फारच. हलक्या रानात लोहाची कमतरता पडून पानंही पिवळी पडतात. मात्र चिखलणी करत राहिलात तर गव्हाच्या हंगामात कमावलेली मातीची घडण दर पावसाळ्यात मोडते, हेही खरं. पहिलं वर्ष 10 गुंठ्यांवर करा. तेवढंही नको असेल तर निदान सतत पाणी तुंबवून ठेवू नका. भोकं पाडलेली फूटभर लांबीची नळी रानात अर्ध्याहून अधिक पुरा आणि आतली माती काढून टाका. नळीतलं पाणी जमिनीखाली 15 सेंटीमीटरपर्यंत उतरलं की मगच 5 सेंटीमीटर पाणी द्या. फुलोऱ्याच्या आठवड्यात मात्र पाणी उभंच ठेवा. फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पसरवलेली ही पद्धत आहे. पाणी 30 टक्क्यांपर्यंत वाचतं, तुंबलेल्या पाण्यामुळे निघणारा मिथेन वायूही बराच कमी होतो, आणि करायला नळीशिवाय काही लागत नाही.

यंत्र विकत घेऊ नका. 2 एकरांत ते वर्षातून दोन दिवस चालेल. भाड्याने आणा, पण चालवणाऱ्यावर सोडू नका, स्वतः मागे चाला आणि दर 20 पावलांवर चीर उकरून बी किती खोल पडतंय ते बघा. साडेचार-पाच सेंटीमीटर पुरे.

आणखी काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. रानात हरळी किंवा लव्हाळा माजला असेल तर तो मोडल्याशिवाय याच्या नादी लागू नका. भात कापणीयंत्राने काढला असेल तर सुटा पेंढा फणांत अडकतो. मग हॅपी सीडर (पेंढ्यातूनही पेरणारं यंत्र) तरी हवा, नाहीतर पेंढा सारखा पसरवून घ्यायला हवा. पेंढा वर राहिला की उंदीरही वाढतात. माझ्याकडे वाढले.

रान कसं आहे हे मात्र आधी स्वतः तपासा. ओल बरी असताना टोकदार सळई हाताने दाबत न्या आणि कुठे अडते तिथे खूण करा. मागच्या महिन्यात बांधाच्या दोन्ही अंगांना मी हे करून पाहिलं. दादाच्या बाजूला सळई वीतभर जाऊन थांबते. माझ्या बाजूला चिखलणी सोडलेल्या बाकीच्या पट्ट्यात ती कोपरभर जाते, आणि त्या पाऊण एकरात, रोटाव्हेटर फिरला होता तिथे, आता कुठे दीड वितीपर्यंत जायला लागली आहे.