लज्जागौरीसारख्या उघड्या देवता जगभर का सापडतात? त्यांच्यात खरंच जादू मानत होते का?

शंकर-पार्वतीच्या एकांतात भक्त शिरला आणि लाजेनं देवीचं शिर गळून पडलं, ही लज्जागौरीबद्दल सांगतात ती कथा मागाहून जुळवलेली आहे. बदामीच्या संग्रहालयातली मूर्ती बघा. नागनाथकोळ्ळच्या देवळातली, चालुक्यकाळातली. बाळंत होताना असावी तशी उताणी, गुडघे वर, आणि डोक्याच्या जागी उमललेलं कमळ. लाजलेली बाई अशी असते होय?

आम्ही सगळे गेलो होतो, अक्का, दाजी, पोरं. आधी सौंदत्तीला यल्लम्माची ओटी भरली, मग बदामी. मूर्तीपुढं येताच दाजी तापले. "हे काय दाखवायलायस पोरास्नी?" म्हणून चारचौघांत मला झापलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. हेच गृहस्थ पंचमीला शेतातल्या वारुळापुढं हात जोडतात. शिगी हुण्णमेला, म्हणजे आश्विनातल्या पुनवेला, गरोदर जमिनीचे डोहाळे म्हणून शिवारात नैवेद्य उधळतात. वारूळ म्हणजे भूमीची योनी आणि रेणुका, म्हणजे आपली यल्लम्मा, म्हणजे तीच भूमी, हे लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेऱ्यांनी ‘लज्जागौरी’ या पुस्तकात कधीच मांडून ठेवलंय. तेवढं पुस्तक दाजींना दिलं होतं. अजून कपाटात आहे.

जादूचं म्हणाल तर, जे हवं त्याचंच रूप पुजायचं, म्हणजे ते घडतं, एवढा साधा हिशोब. पाऊस, पीक, मूल, सगळं एकाच देवीकडं मागायचं. ऑस्ट्रियात विलेनडॉर्फला १९०८ साली सापडलेली अश्मयुगातली चुनखडीची बाई उणीपुरी ११ सेंमीची, पण स्तन नि पोट केवढं! तिलाही चेहरा नाही. आयर्लंडमध्ये तर शीला-ना-गिग नावाच्या अशाच उघड्या बायका मध्ययुगीन चर्चच्या भिंतींवर आहेत.

अर्थात हे सगळं एकाच पंथाचं समजू नका. विलेनडॉर्फची बाई देवी होती याला पुरावा नाही, आणि शीला-ना-गिग वासनेपासून सावध करायला कोरल्या, असंही काही अभ्यासक म्हणतात. सौंदत्तीचंही सगळंच गोड नाही. देवीच्या नावानं मुली सोडायची चाल थांबवायला कर्नाटकात १९८२ चा कायदा करावा लागला. दाजींना तापायचंच होतं तर त्यावर तापायचं.

तुम्ही बदामीला पोरांना घेऊनच जा, आणि विचारतील ते सरळ सांगा. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.