पद नसताना संस्थेतलं वातावरण माणुसकीचं कसं करायचं?

तुमच्याकडे पद नाही, अधिकार नाहीत, तरी संस्थेतलं वातावरण अधिक माणुसकीचं व्हावं म्हणून रोजच्या कामात काय शिकता येईल, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: बैठकीपासून सुरुवात करा. संस्था आपल्या माणसांना कसं वागवते ते बैठकीत लगेच दिसतं. कोण आधी बोलतं, कोणाला मध्येच तोडलं जातं, कोण तासभर मान खाली घालून बसतं, एवढं पाहिलं तरी पुरे.

मी बरीच वर्षं वेगवेगळ्या गटांच्या बैठका चालवते. सगळ्यात उपयोगी पडलेली पद्धत हेन्री लिपमानोविच आणि कीथ मॅककँडलेस यांनी रुजवलेली आहे. प्रश्न मांडायचा आणि मिनिटभर प्रत्येकाने एकट्याने, गप्प राहून विचार करायचा आणि मत कागदावर लिहायचं. मग दोन मिनिटं दोघादोघांत बोलायचं, चार मिनिटं चौघांत आणि शेवटची पाच मिनिटं सगळ्यांनी मिळून. एकूण बारा मिनिटं. त्यातलं पहिलं शांत मिनिट कधीही गाळू नका. मोठ्या पदावरचा माणूस आधी बोलला की बाकीचे आपलं मत त्याच्या मताला जुळवून घेतात. पण मत आधीच कागदावर उतरलेलं असेल तर ते सहजासहजी बदलत नाही. शिवाय भरल्या खोलीत ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, ती माणसं एकाशी मात्र मोकळेपणी बोलतात. हे करायला पद लागत नाही. ‘आधी एक मिनिट सगळे लिहून काढूया का?’ असं कोणीही म्हणू शकतं.

असल्या गोष्टी वरवरच्या वाटतात, हे मला माहीत आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी यादी आणली, तिच्यात छेद देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगावं, असा एक मुद्दा आहे. एकदा आपला आवाज त्या खोलीत उमटला की पुढे काही चुकतंय असं दिसल्यावर ‘थांबा’ म्हणणं सोपं जातं, हा त्यामागचा विचार. नव्या गटात मी हे आवर्जून करून घेते, घाई असली तर जास्तच.

दुसरी सवय थोडी अवघड आहे: वाईट बातमी ऐकताना तोंडून निघणारं पहिलं वाक्य. एमी एडमंडसन या संशोधिकेने 1990च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या. चांगल्या गटांत चुका कमी असतील ही तिची अपेक्षा. आकडे उलटे निघाले. त्या गटांत चुकांबद्दल बोलायची भीती कमी होती, म्हणून त्या नोंदल्या जास्त जात होत्या, असं तिने पुढे मांडलं. तेव्हा सहकारी ‘माझ्याकडून हे राहिलं’ म्हणत आला, तर ‘कसं काय राहिलं?’च्या आधी ‘बरं झालं सांगितलंस, आता काय करायला हवं?’ हे म्हणायला शिका. आपसूक जमत नाही. एखाद्या विश्वासाच्या सहकाऱ्यासोबत आलटूनपालटून सराव करा. सुरुवातीला कृत्रिम वाटेल, वाटू द्या.

एक इशारा मात्र देते. पगार वेळेवर होत नसेल, तक्रार केली म्हणून कोणाला काढलं जात असेल, तर गोलात बसून मनोगतं सांगायला लावणं हा अन्याय आहे. लोक तिथे मोकळेपणाने बोलले तर त्यांचंच नुकसान होईल. अशा ठिकाणी आधी लेखी नियम, नोंदी आणि सहकाऱ्यांची एकजूट यांच्या मागे लागा.

तुमच्याकडे तशी परिस्थिती नसेल तर यातली एकच पद्धत निवडा आणि दोन-तीन महिने प्रत्येक बैठकीत तीच वापरा. दर वेळी नवीन काही आणलं की लोक त्याला उपक्रम समजून सोडून देतात. बैठकीच्या शेवटी दोन मिनिटं राखून विचारा, ‘आज कोणाचं बोलणं राहून गेलं?’ आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.