स्लॅबच्या काँक्रीटमध्ये राख चालेल का?

प्रश्न : आमच्या घरावर नवा मजला चढवावयाचा आहे. औष्णिक वीजकेंद्रातील राख सिमेंटमध्ये मिसळली तर खर्च वाचेल आणि पर्यावरणाचेही भले होईल, असे ठेकेदार सुचवितात. राखेने स्लॅब कच्चा राहील, अशी घरातील वडीलधाऱ्यांना भीती वाटते. आम्ही काय करावे?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : भीती रास्त आहे, परंतु ती राखेची नव्हे, राख मिसळण्याच्या पद्धतीची असावी. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून जो चुना सुटतो, त्याच्याशी राखेतील सिलिकाची क्रिया होऊन आणखी बंधकद्रव्य तयार होते. जुन्या बांधकामांत चुन्यात विटांची सुरखी घालीत, त्यामागेही हेच रसायन होते. ही क्रिया मंद असल्याने असे काँक्रीट सुरुवातीला मागे पडते, पुढे मात्र त्यातील सूक्ष्म छिद्रे भरत जातात आणि पाणी झिरपणे कमी होते. पर्यावरणाचा मुद्दाही खरा आहे. क्लिंकरसाठी, म्हणजे दळून ज्याचे सिमेंट होते त्या भाजलेल्या खड्यांसाठी, चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सियसला भाजताना इंधनाखेरीज खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून क्लिंकर जितका कमी लागेल तितके बरे.

तरीही कामावर फावड्याने राख मिसळू देऊ नका. धुरातून कोरडी पकडलेली बारीक राख आणि वणाकबोरीसारख्या वीजकेंद्राच्या तळ्यात साठणारी राख यांत मोठा फरक असतो. तळ्यातली राख भरड व ओलसर असते, तीत न जळलेला कोळसाही असू शकतो, आणि प्रमाण तर मजुराच्या हातावर अवलंबून राहते. त्याऐवजी आय.एस. (भारतीय मानक) १४८९ असे छापलेली पोर्टलँड पोझोलाना सिमेंटची गोणी घ्या. तीत १५ ते ३५ टक्के राख कारखान्यातच मिसळलेली असते. वर आणखी राख घालण्याचे कारण नाही. लोखंडाच्या झोतभट्टीतील मळीचे स्लॅग सिमेंटही (आय.एस. ४५५) चालेल.

खरी काळजी घ्यावयाची ती पाण्याची. आय.एस. ४५६ नुसार साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस ओले ठेवावे लागते, तर मिश्र (राख वा मळी घातलेल्या) सिमेंटचे किमान १० दिवस, आणि ती मुदत १४ दिवसांपर्यंत वाढविण्याची शिफारस आहे. वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात मी १४ दिवसांखाली येणार नाही. स्लॅबवर आळी करून पाणी साठवावे आणि सेंट्रिंगचे टेकू अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय काढू देऊ नयेत, मग ठेकेदाराला फळ्या दुसऱ्या कामावर कितीही लवकर हव्या असोत.