पाणकणसाच्या परागांचा चिनी औषधशास्त्रात काय उपयोग होतो?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: चिनी वैद्यक पाणकणसाचे पराग कशासाठी वापरते आणि गावच्या तळ्यातले पराग गोळा करून घेतले तर चालतील का.

चिनी भाषेत या परागांना 'पूह्वांग' म्हणतात आणि 'शननोंग बेन्त्साओ जिंग' या प्राचीन ग्रंथात त्यांची गणना वरच्या प्रतीच्या औषधांत केलेली आहे. पाणकणसाचा तपकिरी, जाडसर भाग स्त्री-फुलांचा असतो. पराग येतात ते त्याच्या वरच्या निमुळत्या पिवळ्या तुऱ्यातून. उन्हाळ्यात तो तुरा कापून वाळवतात, चुरतात आणि चाळून घेतात. मी ही पूड हाताळली आहे. ती इतकी हलकी आणि गुळगुळीत असते की चिमटीत धरताच बोटांना चिकटून बसते आणि पाण्यावर टाकली तर तरंगत राहते. म्हणूनच काढा करताना ती फडक्यात पुरचुंडी बांधून उकळतात.

मुख्य उपयोग रक्ताशी निगडित आहे. नाकातून, थुंकीतून वा लघवीतून रक्त जाणे, अंगावरून जास्त जाणे, तसेच साकळलेल्या रक्तामुळे छातीत, पोटात किंवा पाळीच्या वेळी होणाऱ्या वेदना यांवर ती देतात. एकच द्रव्य रक्त थांबवते आणि साकळलेले रक्त हलवतेही, हे प्रथम विसंगत वाटते. परंतु रक्तस्राव थांबवताना आत गुठळी राहू नये, हाच त्या वैद्यांचा आग्रह आहे, आणि मला तो फार विचारपूर्वक वाटतो. म्हणून रक्त हलवायचे असेल तेव्हा कच्ची पूड आणि थांबवायचे असेल तेव्हा गडद तपकिरी होईपर्यंत भाजलेली पूड वापरण्याकडे कल असतो. सोंग राजवटीतील (960–1279) सरकारी योगसंग्रहातल्या 'शिशिआओ सान' या प्रसिद्ध चूर्णात ही पूड उडत्या खारीच्या वाळवलेल्या विष्ठेबरोबर समभाग घेतात. काढ्यासाठी नेहमीची मात्रा 5 ते 10 ग्रॅम असते.

दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. पाणकणीस सांडपाण्यात जोमाने वाढते आणि जड धातू शोषून घेते. म्हणून तर सांडपाणी शुद्ध करण्यासाठी ते मुद्दाम लावतात. गरोदरपणात ही पूड कटाक्षाने टाळावी, कारण ती गर्भाशयाचे आकुंचन वाढवू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा परागांची ॲलर्जी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. आणि लघवीतून रक्त जात असेल, तर कोणताही काढा करण्याआधी तपासणी करून घ्या.