बारीकसारीक दुखणंपण जास्त लागतंय? मॅग्नेशियमकडं बघ जरा

भावा, यवतेश्वर घाट पळायला सुरुवात केलीस हे भारी केलंस, पण जरा कुठं धक्का लागला तरी कळ जाते आणि अंग सारखं ठणकतं म्हणतोस, तर नुसत्या पेनकिलर खाऊन दाबत बसू नको. नसांमध्ये दुखण्याचा सिग्नल पुढं पाठवणारी दारं असतात ना, एनएमडीए रिसेप्टर म्हणतात, त्यांच्या तोंडाशी मॅग्नेशियम अडसर घालून बसलेलं असतं, ते कमी पडलं की दार पटकन उघडतं न् थोडं दुखणंपण जास्त जाणवतं. ब्लड टेस्ट कर, पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून लगेच निवांत होऊ नको, कारण शरीरातलं १ टक्क्याहून कमी मॅग्नेशियम रक्तात असतं, बाकी बहुतेक हाडांत, स्नायूंत न् इतर पेशींत. पँटोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी लय दिवस रोज घेत असशील तर डॉक्टरांना नक्की सांग, त्यानंपण कमी होतं. खायला आपली ज्वारी-बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तीळ, पालक, एवढं रोज पोटात जाऊ दे. सप्लिमेंट मनानं सुरू करू नको, किडनीचा त्रास असेल तर अजिबातच नको. आणि एकाच जागी दुखत असेल, सूज असेल, तर हे सगळं राहू दे, आधी ऑर्थोला दाखव.