आई येणार नाही, नवरा एकदाच आत येणार, मग बाळंतपण निभवायचं कसं?

(हे पत्र नि उत्तर कोव्हिडच्या साथीच्या काळातलं, यातले हॉस्पिटलचे नियम तेव्हाचे.)

प्रश्न: ताई, मला ३४ वा आठवडा चालू आहे, दुसरी वेळ. मोठा साडेतीन वर्षांचा. आईचं तिकीट दोनदा रद्द झालं आणि आता तीच म्हणते की नको बाई, मला विमानात बसायची भीती वाटते. तिच्याशिवाय माझं कसं होणार हेच कळत नाही, पहिल्या वेळी सगळं तिनेच बघितलं होतं. हॉस्पिटलवाले म्हणतात सोबत एकच माणूस, आणि तो मधे बाहेर पडला तर परत आत घेणार नाही. मोठ्याला तर येऊच देणार नाहीत. इथे परदेशात नात्यातलं कोणी नाही. काय करू?

उत्तर: अगं, तुझ्या पत्रात आईबद्दल जास्त आणि मोठ्याबद्दल एकच ओळ आहे, पण मला विचारशील तर आधी मोठ्याचं ठरव. कळा काही वेळ बघून येत नाहीत, त्यातून दुसरं बाळंतपण बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा लवकर उरकतं, म्हणजे रात्री दोन वाजता हातात फार वेळ नसणार. आणि नवरा 'मी मुलाला सोडून येतो' म्हणून गेला नि तोवर तुला आत घेतलं तर त्याला दारातूनच परत पाठवतील, हे माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याचं झालंय, बिचारा पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर बाळाचं रडणं ऐकत होता.

म्हणून आजच एक घर ठरव. ज्यांच्याकडे मुलगा रडारड न करता झोपेल असं. आपल्याला संकोच फार, 'त्यांना कशाला त्रास' म्हणून आपण मोघम बोलतो आणि समोरचाही मोघम 'हो हो सांगा ना' म्हणतो, त्याचा काही उपयोग नाही. सरळ विचार, रात्री दोनला फोन केला तर उचलाल का, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे तुम्हीही बाहेर मिसळणं कमी कराल का. एक रात्र त्याला तिथे झोपवून बघ. त्याची कारसीट नि कपड्यांची पिशवी आधीच देऊन ठेव, सोबत एका कागदावर अ‍ॅलर्जी, औषधं, डॉक्टरचा नंबर. आणि दुसरं घरही ठरव, कारण या साथीत साधा खोकला झाला तरी ठरलेलं सगळं फिसकटतं.

एकही घर मिळालंच नाही तर नवरा मुलाजवळ राहील आणि तू मैत्रिणीला ने किंवा डूला घे, म्हणजे बाळंतपणात सोबत राहून धीर देणारी, त्याचं शिक्षण घेतलेली बाई. सोबतचा माणूस नवराच असला पाहिजे असं बऱ्याच ठिकाणी नसतं, फक्त त्याचं नाव आधी द्यावं लागतं.

हॉस्पिटलला दर सोमवारी फोन कर. दर सोमवारी म्हणजे खरंच दर सोमवारी, कारण नियम रातोरात बदलतात. मार्च २०२० च्या शेवटी न्यूयॉर्कमधल्या काही मोठ्या हॉस्पिटलांनी नवऱ्यालासुद्धा बंदी केली होती, खूप आरडाओरडा झाला, मग राज्य सरकारने काही दिवसांतच आदेश काढला की एक माणूस आत घ्यायचाच. जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं आहे की बाळंतिणीजवळ तिच्या पसंतीचं एक माणूस असावं, तिला कोव्हिड असला तरी. कोणी फारच आडमुठेपणा केला तर हे शांतपणे सांगता येतं. पण 'नवरा चालेल ना?' एवढंच विचारून फोन ठेवू नकोस. सिझेरियन झालं तर तो ऑपरेशन थिएटरमध्ये येईल का, बाळ झाल्यावर तो किती तास थांबू शकतो, दारात त्याला ताप निघाला तर त्याच्याऐवजी दुसरं कोणी चालेल का, आणि माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली तर बाळ माझ्याच खोलीत राहील का, हे सगळं विचार, आणि कोणी सांगितलं त्याचं नाव लिहून ठेव.

शेवटच्या प्रश्नाचं जरा सविस्तर सांगते, कारण यात जुनी माहिती अजून फिरतेय. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने, म्हणजे तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, सांगितलं होतं की आई पॉझिटिव्ह असेल तर बाळ तात्पुरतं वेगळं ठेवावं. जुलैमध्ये त्यांनीच ते बदललं, मास्क लावून, हात धुऊन आई बाळाला जवळ घेऊ शकते, अंगावर पाजू शकते, एकाच खोलीत राहू शकते. जागतिक आरोग्य संघटना तर आधीपासून हेच सांगत होती. तेव्हा कोणी जुनं पत्रक दाखवलं तर तारीख बघ. आणि बाळाला मास्क किंवा फेसशील्ड अजिबात नाही, दोन वर्षांखालच्या कुणालाच नाही, कितीही गोंडस फोटो येऊ देत.

माझी धाकटी एप्रिलमधली. दारात ताप बघितला, कोव्हिडच्या टेस्टसाठी नाकात ती काडी घातली, आणि पुढचे सगळे तास मास्क. कळा देताना मास्क ओला होऊन तोंडाला चिकटायचा, नर्स गुपचूप नवा द्यायची. तिचा चेहरा मी पाहिलाच नाही, गाऊनवर तिने स्वतःचा हसरा फोटो चिकटवला होता तेवढाच. म्हणून बॅगेत चार जास्तीचे मास्क टाक, लांब वायरचा चार्जर टाक, आणि नवऱ्याच्या खाण्याचं भरपूर, कारण तो खाली कँटीनला जाऊ शकणार नाही. माझा नवरा दीड दिवस बिस्किटांवर होता आणि ते तो अजून ऐकवतो.

दुसऱ्या दिवशीच घरी पाठवलं. छान वाटलं, पण एरवी हॉस्पिटलात कुणाच्या तरी नजरेला पडल्या असत्या त्या गोष्टी आता आमच्यावर आल्या. तिसऱ्या दिवशी आईला व्हिडिओवर दाखवलं तर आई म्हणाली, किती छान रंग आहे, शांत झोपतेय बघ. सासूबाईही तेच म्हणाल्या. पिवळ्या दिव्याखाली, फोनच्या स्क्रीनवर, दोघींना काय कळणार? चौथ्या दिवशी वजनाला नेली तेव्हा नर्सने तिला खिडकीशी धरलं, नाकाच्या शेंड्यावर बोटाने हलकेच दाबून सोडलं आणि खालची कातडी पिवळीधमक. ती शांत नव्हती, काविळीने सुस्त झाली होती, दूधही नीट ओढत नव्हती. रक्त तपासलं, मग निळ्या दिव्याखाली ठेवलं, दोन दिवसांत उतरलं. पण मी त्या दिवशी गेले नसते तर, हा विचार अजून येतो.

तेव्हा स्क्रीनवर रंग ठरवायचा नाही. आपल्या सावळ्या कातडीवर पिवळेपणा पटकन दिसत नाही, म्हणून दिवसाच्या उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघायच्या. पहिल्या २४ तासांतच पिवळं दिसलं तर ताबडतोब डॉक्टर. 'कोवळ्या उन्हात धर' सगळे सांगतील, कावीळ वाढली असेल तर त्याने भागत नाही. आणि लवकर घरी आलात तर एक-दोन दिवसांतली तपासणी प्रत्यक्षच मागायची, फोनवर नाही, कोव्हिडच्या भीतीने ती पुढे ढकलायची नाही. पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा ओले डायपर हवेत, नवऱ्याला मोजायला लाव. आणि तीन महिन्यांच्या आत बाळाचा ताप ३८ डिग्री सेल्सियस किंवा वर गेला तर वाट बघत बसायचं नाही, लगेच फोन करून निघायचं, मग बाहेर साथ असो नाहीतर काही असो.

तुझ्या स्वतःचंही सांगते, कारण आई असती तर तिने बघितलं असतं. तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, डोकं प्रचंड दुखून नजरेसमोर काजवे चमकत असतील, छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल, एकच पाय सुजला असेल, तर 'उद्या बघू' नाही. हे तुझ्यापेक्षा नवऱ्याला पाठ असू दे, तुला त्या दिवसांत काही सुचणार नाही. पहिले दोन आठवडे उगाच रडू येणं चालतं, पण त्यानंतरही उठावंसं वाटत नसेल किंवा बाळाजवळ जावंसं वाटत नसेल तर डॉक्टरला सांग, ते एडिनबरा स्केलचे, म्हणजे बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायचे, दहा प्रश्न विचारतील, पाच मिनिटांचं काम. जिवाचं किंवा बाळाचं काही बरंवाईट करावं असं मनात आलं तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच क्षणी कुणाला तरी उठवायचं.

बाळाच्या पासपोर्टला आणि ओसीआय कार्डाला (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारतात येण्यासाठी मिळतं ते) फार उशीर करू नका. मे २०२० मध्ये परदेशात अडकलेल्या भारतीयांना घरी नेणारी वंदे भारतची विमानं सुरू झाली तेव्हा कितीतरी आईवडील अडकले, त्यांना परवानगी आणि परदेशी पासपोर्टवाल्या तान्ह्याला नाही. २२ मेला ओसीआय कार्ड असलेल्या अशा मुलांना सूट मिळाली, पण कार्डच काढलेलं नव्हतं त्यांचं काय.

आता आई. तिला बाळाचा रंग नि वजन विचारू नकोस, तिला मोठा दे. रोज एक ठरलेली वेळ, फोन टेबलावर टेकवून ठेवायचा आणि आजीने त्याला गोष्ट सांगायची, अर्धा तास. आत्तापासूनच सुरू कर म्हणजे बाळ येईपर्यंत त्याला सवय लागेल. माझा मोठा तेव्हा चार वर्षांचा, पहिल्या आठवड्यात तो फोन उलटा धरून आजीला छतच दाखवायचा आणि आई छताला गोष्ट सांगायची. पण तेवढ्यात मी झोपायचे.