‘पोएटिक डिक्शन’ म्हणजे ‘काव्यभाषा’ का?

एका वाचकाने विचारले आहे : ‘इंग्रजी साहित्यावरच्या मराठी नोट्समध्ये “वर्ड्सवर्थने काव्यभाषेला विरोध केला” असे वाक्य आहे. कवीच कवितेच्या भाषेला विरोध कसा करेल? “पोएटिक डिक्शन”ला “काव्यभाषा” म्हणणे बरोबर आहे का?’

शंका रास्त आहे. ‘काव्यभाषा’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कवितेतली सगळीच भाषा येते : प्रतिमा, लय, शब्दांचा क्रम, कवीची स्वतःची अशी मोडणी. ज्ञानेश्वरांची काव्यभाषा, मर्ढेकरांची काव्यभाषा असे आपण म्हणतो ते याच अर्थाने. इंग्रजी रोमँटिक कवी वर्ड्सवर्थचे भांडण या कशाशीच नव्हते. अठराव्या शतकातल्या इंग्रजी पद्यात काही शब्द आणि शब्दगुच्छ कवितेसाठी राखून ठेवलेले असत. मासे म्हणायचे नाही, ‘परवाली जमात’ म्हणायचे. सूर्य म्हणायचे नाही, ग्रीक देव फीबसला बोलवायचे. ‘पोएटिक डिक्शन’ म्हणजे हा तयार साठा.

मला विचाराल तर याला मराठीत ‘ठेवणीतली भाषा’ म्हणावे. ठेवणीतली साडी जशी कार्याला बाहेर निघते, तशी ही भाषा कविता लिहायची म्हटले की बाहेर निघायची. शब्द घरगुती वाटेल खरा, परीक्षेत लिहायला संकोच वाटला तर ‘सांकेतिक पद्यशब्दावली’ लिहा. पण अर्थ पहिल्यातच नेमका येतो, आणि त्याचे कारण पुढे येईल.

कवी मित्र कोलरिजबरोबर काढलेल्या ‘लिरिकल बॅलड्स’ या कवितासंग्रहाची पहिली आवृत्ती १७९८ची. १८००च्या आवृत्तीला वर्ड्सवर्थने लांबलचक प्रस्तावना जोडली. ज्याला पोएटिक डिक्शन म्हणतात ते या पुस्तकात फारसे सापडणार नाही, असे तो तिथे सांगतो, आणि पुढे म्हणतो की इतर लोक ते आणायला जेवढे कष्ट घेतात तेवढे मी ते टाळायला घेतले आहेत. १८०२मध्ये या विषयावर वेगळे परिशिष्टही आले.

दाखला म्हणून त्याने प्रस्तावनेत टॉमस ग्रे या आधीच्या कवीचे एक सॉनेट (सुनीत) घेतले. रिचर्ड वेस्ट हा मित्र १७४२मध्ये तरुणपणीच वारला, त्याच्यावरचे. सुरुवातीलाच सकाळ ‘हसते’ आणि तांबूस होत जाणारा फीबस आपला सोनेरी अग्नी उचलतो. चौदा ओळींपैकी वर्ड्सवर्थने फक्त पाच वेगळ्या ठशात छापल्या आणि म्हटले, किंमत आहे ती एवढ्यांनाच. शेवटच्या दोन त्यांत आहेत. त्यांचा आशय असा : ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी मी निष्फळ शोक करतो, आणि रडणे व्यर्थ आहे म्हणूनच जास्त रडतो. या ओळी गद्यात घातल्या तरी खपून जातील, आणि वर्ड्सवर्थचा मुद्दा तोच होता. (ग्रेवर थोडा अन्याय झाला असे मला वाटते. बाहेर एवढा थाटमाट आणि आत दुःख, हा विरोध ग्रेने जाणूनबुजून साधलेला असू शकतो.)

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांडर पोप या कवीने अभिव्यक्तीला विचाराचा पोशाख म्हटले होते. पोशाख म्हटला की प्रसंगानुसार भारी-हलका आलाच, म्हणजे ठेवणीतला आलाच. वर्ड्सवर्थला ही कल्पनाच मान्य नव्हती. १८१०च्या सुमारास समाधिलेखांवर लिहिलेल्या निबंधांत तो म्हणतो, शब्द हे विचाराचे वस्त्र नसावेत, विचाराने घेतलेला देह असावेत. कविता म्हणजे प्रबळ भावनांचे उत्स्फूर्त उसळणे, हे त्याचे प्रसिद्ध वाक्य याच विचाराशी जोडून वाचायला हवे. भावना आतून उसळत असेल तर तिला वरून जरीकाठ कोण लावणार? आणि हो, नोट्समध्ये हे वाक्य हमखास अर्धेच असते. दीर्घ आणि सखोल विचार केलेल्या माणसालाच अशी कविता लिहिता येते, हे त्याने लगोलग जोडले आहे.

मग त्याला अवघड शब्द चालत नव्हते का? तसेही नाही. ल्यूसी या वारलेल्या मुलीवरची त्याची आठ ओळींची एक छोटी कविता आहे. ती आता हलत नाही, तिला ऐकू येत नाही, दिसत नाही. दगडधोंड्यांसोबत, झाडांसोबत ती पृथ्वीच्या फेऱ्यात फिरते आहे. जवळजवळ सगळे शब्द रोजचे. त्यात फेऱ्याला विशेषण मात्र लॅटिन वळणाचे, ‘डायर्नल’ म्हणजे दैनिक. एखाद्या खगोलशास्त्राच्या पुस्तकात शोभेल असा हा थंड शब्द ल्यूसीला माणसांतून उचलून ग्रहगतीत नेऊन टाकतो. तो भारी आहे, पण ठेवणीतला नाही. ‘काव्यभाषेला विरोध’ म्हटले की हा फरकच पुसला जातो.

प्रस्तावनेत वर्ड्सवर्थने खेडुतांची, सामान्यांची बोली कवितेसाठी आदर्श मानली होती. त्यावरून कोलरिजने १८१७च्या ‘बायोग्राफिया लिटरारिया’ या ग्रंथात आपल्या या मित्राला चांगलेच धरले. खेडुताच्या बोलण्यातला गावठीपणा काढून टाकला तर उरते ती कुठल्याही समंजस माणसाची भाषा, मग खेडुताचे मोठेपण राहिले कुठे? हा वाद कोलरिजने जिंकला असे माझे मत. पण त्याचा रोख ‘सामान्यांची बोली’ या आदर्शावर होता. फीबसची बाजू घेऊन तो भांडत नव्हता.

आपल्याकडे वर्ड्सवर्थ-कोलरिजच्या वळणाच्या रोमँटिक कल्पना ठळकपणे आणल्या केशवसुतांनी. ‘आम्ही कोण?’मध्ये कवीचे जे उंच स्थान आहे ते त्याच घराण्यातले. भाषा मात्र बरीचशी ठेवणीतली राहिली : ‘पुससी’, ‘दिधले’, ‘झणी’. यात वृत्ताचाही हात आहे. ‘गतप्रभ झणी होतील तारांगणे’ यात ‘झणी’च्या जागी ‘लगेच’ घालून बघा, एक अक्षर वाढते आणि शार्दूलविक्रीडित हे वृत्त तिथेच मोडते. ‘मज’, ‘तुज’ आपल्या गाण्यांत अजून टिकून आहेत तेही काही अंशी असल्याच सोयीपायी.

तेव्हा नोट्समधले वाक्य ‘वर्ड्सवर्थने ठेवणीतल्या काव्यशब्दांना विरोध केला’ असे करून घ्या. ‘काव्यभाषा’ हा शब्द ‘पोएटिक लँग्वेज’साठी राहू द्या, त्याच प्रस्तावनेवर लिहिताना तोही लागणारच आहे.